पेसमेकरचा घरचा मॉनिटर: जुन्या इमारतीत कुठे ठेवावा, कसा लावावा?

शुभांगी_गिरगाव

सर्वांना नमस्कार. माझ्या आईला, वय वर्षे ७६, तीन आठवड्यांपूर्वी पेसमेकर बसवला. जिन्यावर तिला दोनदा अंधारी आली, दुसऱ्यांदा ती चार पायऱ्या घसरून खाली आली, आणि ईसीजी काढल्यावर पूर्ण हार्ट ब्लॉक, म्हणजे हृदयातला विजेचा संदेश वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचतच नसल्याचे निघाले. दोन लीडचा, म्हणजे हृदयात जाणाऱ्या दोन तारांचा पेसमेकर डाव्या खांद्याखाली बसवला असून जखम चांगली भरत आली आहे. अडले आहे ते त्याच्याबरोबर मिळालेल्या, पेसमेकरची माहिती घरून क्लिनिकला पाठवणाऱ्या मॉनिटरपाशी.

डिस्चार्जच्या दिवशी बिल, औषधे आणि व्हीलचेअर यांच्या गडबडीत कंपनीच्या प्रतिनिधीने एक खोके आमच्या हाती दिले. आत पोळ्यांच्या डब्याएवढे पांढरे यंत्र, त्याच्या खाचेत बसणारा हातात धरायचा रीडर, वायर आणि इंग्रजी पुस्तिका आहे. "उशाशी ठेवा, प्लग लावा, बाकी सगळे आपोआप होते," इतके सांगून ते पुढच्या रुग्णाकडे गेले. आम्ही अगदी तसेच केले. काल सहज म्हणून क्लिनिकला फोन केला, तेव्हा कळले की आईचा एकही रिपोर्ट त्यांच्यापर्यंत पोहोचलेला नाही.

आमची इमारत फार जुनी आहे, भिंती हातभर जाड आहेत आणि आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागे एक दोन खोल्या आहेत. आई आतल्या खोलीत झोपते. तिथे मोबाईलला रेंज मिळत नाही, फोन आला की गॅलरीत धावावे लागते. हे यंत्र नेमके कुठे ठेवावे? ते चोवीस तास चालू ठेवायचे असते का? वीज गेली तर काय होते? गणपतीला आम्ही देवगडला जातो, तेव्हा ते बरोबर न्यावे लागेल का?

आईचे प्रश्न वेगळेच आहेत. ती विचारते, "हे रात्रभर माझ्याकडे बघत बसते का? आणि हे बंद पडले तर माझे काय?" तिला खरे आणि नीट उत्तर द्यायचे आहे, म्हणून इथे लिहीत आहे.

निनाद_बोरिवली

शुभांगीताई, आईंना लवकर बरे वाटो. माझ्या वडिलांकडे असेच यंत्र चार वर्षे आहे. त्याला दोन गोष्टी एकाच वेळी लागतात. एकीकडे पेसमेकर त्याच्या टप्प्यात हवा, आणि दुसरीकडे त्याला स्वतःला मोबाईलचे नेटवर्क मिळायला हवे, कारण आतल्या सिमकार्डवरूनच ते रिपोर्ट पाठवते. आमच्या पुस्तिकेत अंथरुणापासून साधारण २ मीटरच्या आत ठेवावे असे लिहिले आहे. मॉडेलप्रमाणे हे अंतर थोडे बदलते, म्हणून आपली पुस्तिका पाहावी.

आपले वर्णन वाचून मला वाटते की पहिली अट पुरी होत आहे आणि दुसरी होत नाही. यंत्र आईंना ऐकते आहे, पण ऐकलेले बाहेर कळवू शकत नाही. पुढच्या बाजूला मोबाईलच्या रेंजसारख्या दांड्या किंवा दिवे आहेत का, ते पाहून सांगाल का?

निवृत्त_तंत्रज्ञ

मी अनेक वर्षे मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या पेसमेकर तपासणी विभागात तंत्रज्ञ होतो. डिस्चार्जच्या दिवशी घाईत खोके हातात पडणे आणि घरी गेल्यावर प्रश्न सुरू होणे, हे मी शेकडो घरांच्या बाबतीत पाहिले आहे. त्यामुळे जरा विस्ताराने लिहितो.

आईंच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सर्वांत महत्त्वाचा आहे. मॉनिटर बंद पडला, हरवला किंवा पाण्यात भिजला, तरी पेसमेकरला काहीही होत नाही. पेसमेकरची बॅटरी त्याच्या आतच सीलबंद असते आणि ती बहुधा ८ ते १२ वर्षे चालते. बाहेरचे यंत्र ती चार्ज करत नाही आणि हृदयाचे ठोकेही चालवत नाही. घरचा मॉनिटर पेसमेकरमधली नोंदवही फक्त वाचतो. सेटिंग बदलायची असल्यास क्लिनिकमध्येच जावे लागते, तिथे प्रोग्रामर नावाचे वेगळे यंत्र असते.

आता पहिला प्रश्न. त्यात कॅमेरा नाही, बोलणे ऐकणारा माइकही नाही. बॅटरी किती उरली आहे, दोन्ही लीड ठीक आहेत का, हृदयाला ठोका द्यायला किती व्होल्टेज लागते, शंभरातले किती ठोके पेसमेकरने दिले आणि किती हृदयाने स्वतः घेतले, आणि मधेच एखादी जलद किंवा अनियमित लय आली होती का, एवढेच ते वाचते. यातली शेवटची नोंद मोलाची असते. एट्रियल फिब्रिलेशन ही अनियमित लय पुष्कळांना जाणवतच नाही, पण तिच्यामुळे गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. पेसमेकर ती टिपून ठेवतो, मॉनिटर पोहोचवतो, आणि रक्त पातळ करणारे औषध लागेल का याचा विचार डॉक्टर वेळेवर करू शकतात.

हे वाचन बहुतेक यंत्रे रुग्ण झोपलेला असताना, मध्यरात्र ते पहाटे ५ च्या दरम्यान आपोआप करतात. त्या वेळी माणूस एका जागी स्थिर असतो, म्हणून यंत्र झोपण्याच्या खोलीत ठेवायला सांगतात. हातातला रीडर मात्र वेगळ्या कामासाठी असतो. क्लिनिकने मुद्दाम रिपोर्ट मागितला, तर तो छातीवर पेसमेकरच्या जागी धरून बटण दाबायचे असते. त्यांनी सांगितल्याशिवाय वरचेवर तसे करू नये.

रेंज नसलेल्या खोलीत मॉनिटर ठेवून चालणार नाही. एकतर पलंग आणि यंत्र दोन्ही रस्त्याकडच्या खोलीत आणावे, किंवा यंत्राला वायफाय अथवा वेगळ्या अ‍ॅडाप्टरची सोय आहे का, ते कंपनीच्या मदत क्रमांकावर विचारावे. यंत्र टीव्ही, मायक्रोवेव्ह आणि वायफायच्या डब्याला अगदी चिकटून ठेवू नये.

सदानंद_दादर

मी थोडा वेगळा विचार मांडतो. माझे वय ८१ आहे. पहिला पेसमेकर २००९ मध्ये बसवला आणि बॅटरी संपत आल्यावर २०२० मध्ये बदलला. माझ्याकडे घरचा मॉनिटर नाही आणि कधी नव्हता. दर सहा महिन्यांनी बसने तपासणीला जातो, तंत्रज्ञ दहा मिनिटांत सर्व पाहतात, डॉक्टर दोन शब्द बोलतात आणि मी निश्चिंत मनाने घरी येतो.

८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये आर्ने लार्सन या गृहस्थांच्या शरीरात जगातला पहिला पेसमेकर बसवला गेला. तो काही तासांतच बंद पडला. त्यानंतर त्यांना वीसहून अधिक पेसमेकर लागले, तरी ते ८६ वर्षांचे होऊन २००१ मध्ये वारले. त्यांच्या उशाशी असा डबा नव्हता. वृद्ध माणसाच्या मनात रोज रात्री यंत्राची धास्ती निर्माण करून आपण नक्की काय मिळवतो, हा प्रश्न मला पडतो. प्रत्यक्ष डॉक्टरांचा हात हातावर पडतो, त्याची जागा यंत्र घेऊ शकत नाही.

मनीषा_मुलुंड

सदानंदकाका, आपल्या म्हणण्यात तथ्य आहे, पण माझा अनुभव वेगळ्या कारणाने कडू आहे, तो सांगते.

माझ्या सासूबाईंकडे मॉनिटर दीड वर्ष होता. हिरवा दिवा लागलेला दिसायचा आणि आम्ही सगळे समाधानात होतो. नंतर नियमित तपासणीला गेलो, तेव्हा कळले की गेले चार महिने त्यांच्या यंत्राचा संपर्कच तुटलेला होता. आम्ही घर रंगवताना यंत्र हलवले होते, ते पुन्हा मूळ जागी गेलेच नाही. रुग्णालयाच्या संगणकावर "संपर्क नाही" अशी नोंद पडलेली होती, पण ती यादी पाहणारे तंत्रज्ञ नोकरी सोडून गेले होते आणि त्यांच्या जागी कोणी नेमलेले नव्हते. त्या चार महिन्यांत सासूबाईंना अनियमित लयीचे काही झटके येऊन गेले होते. सुदैवाने इजा झाली नाही, औषध सुरू झाले. तरी त्या दिवशी क्लिनिकच्या बाकावर बसून मला रडू आवरले नाही, कारण आम्ही काळजी घेत आहोत असे समजत होतो आणि पलीकडे कोणीच नव्हते.

म्हणून शुभांगी, यंत्र कुठे ठेवायचे हे विचारलेस ते योग्यच केलेस, पण त्याहून आधी क्लिनिकला विचार की रिपोर्ट उघडून पाहणारी व्यक्ती कोण आहे, रोज पाहते की आठवड्याने, शनिवारी-रविवारी कोण असते, आणि संपर्क तुटला तर आपल्याला फोन येणार की आपण फोन करायचा. तिचे नाव आणि थेट क्रमांक फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. मी आता दर महिन्याच्या १ तारखेला फोन करून विचारते, आणि मला त्यात कसलाही संकोच वाटत नाही.

निवृत्त_तंत्रज्ञ

मनीषाताईंनी लिहिले ते प्रत्येक पेसमेकरवाल्या घराने वाचावे. यंत्र माहिती नेऊन पोहोचवते, पण ती वाचायला माणूसच लागतो. आमच्या विभागात ज्या वर्षी या कामासाठी स्वतंत्र माणूस मिळाला, त्या वर्षीपासूनच या यंत्रांचा खरा उपयोग होऊ लागला.

सदानंदकाका, आपली तपासणी नियमित आहे आणि आपण स्वतः बसने जाऊ शकता, म्हणून आपले उत्तम चालले आहे. मॉनिटर आला की प्रत्यक्ष तपासणी संपली, असे कोणी समजू नये, ती वर्षातून निदान एकदा तरी व्हावी असेच आम्ही सांगत असू. पण शुभांगीताईंच्या आई जिन्यावरून पडलेल्या आहेत आणि पेसमेकर अगदी नवा आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत लीड जागेवरून सरकण्याची शक्यता नंतरच्यापेक्षा जास्त असते, आणि ती सरकली तर आकड्यांत लवकर दिसते. हार्ट ऱ्हिदम सोसायटी या हृदयाच्या लयीच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये असे उपकरण बसवलेल्या सर्वच रुग्णांना घरून तपासणीची सोय द्यावी, अशी शिफारस केली, त्यामागे हाच विचार आहे. आणि ही कल्पना काही आजची नाही. १९७० च्या दशकापासून साध्या टेलिफोनच्या रिसीव्हरवरून पेसमेकरचे ठोके क्लिनिकला ऐकवले जात असत.

सदानंद_दादर

आपले म्हणणे पटले. नव्या पेसमेकरच्या बाबतीत मी माझे मत मागे घेतो. जुन्याच्या बाबतीत माझ्या डॉक्टरांना पुढच्या भेटीत विचारीन. माझ्या मॉडेलला अशी सोय आहे की नाही, हेही मला माहीत नव्हते.

लालबागची_सून

माझे सासरे गिरणीत तिसऱ्या पाळीला होते. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली, पण पाळ्यांची भाषा त्यांच्या तोंडून गेली नाही. त्यांना मॉनिटर मिळाला तेव्हा तेही शुभांगीताईंच्या आईंसारखेच बिचकले होते. मी त्यांना सांगितले की हे रात्री बारानंतर कामाला लागते आणि पहाटेपर्यंत सुटते. ते लगेच म्हणाले, "मग रात्रपाळीवाला आहे म्हणायचा." त्या दिवसापासून घरात त्याला रात्रपाळीवाला हेच नाव पडले. सकाळी उठले की ते त्याच्यावर हात ठेवून "सुटली का पाळी?" असे विचारतात. एकदा नाव मिळाल्यावर त्यांची भीती गेली.

विजेबद्दल सांगते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईची वीज गेली, तेव्हा यंत्राचा दिवा विझला आणि सासरे एकदम पांढरे पडले. त्यांना वाटले की आता आतलेही बंद पडणार. मी त्यांचा हात त्यांच्याच मनगटावर ठेवला आणि नाडी मोजायला लावली. एका मिनिटात ६४ भरली. वीज दुपारी आली, यंत्र स्वतःहून चालू झाले आणि त्या रात्री त्याने आपले काम केले. ही गोष्ट आईंना जरूर सांगा.

निनाद_बोरिवली

लालबागच्या वहिनी, नाडी मोजायला लावण्याची युक्ती फारच चांगली आहे. मीही बाबांना शिकवीन.

श्रुती_गोरेगाव

ज्यांना डब्याऐवजी मोबाईलमधले अ‍ॅप दिले आहे, त्यांच्यासाठी लिहिते, कारण माझ्या काकूंचा पेसमेकर ब्लूटूथने थेट फोनशी बोलतो.

वेगळे यंत्र नाही म्हणून आम्ही खूश होतो, पण फोनच्या सवयी आड आल्या. काकू रात्री फोन बंद करून चार्जिंगला स्वयंपाकघरात लावत असत, म्हणजे ऐन वाचनाच्या वेळी फोन बंद आणि लांब. ते सोडवले, तर फोन बॅटरी वाचवण्यासाठी अ‍ॅपच झोपवू लागला, तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपपुरता बॅटरी बचतीचा पर्याय काढून टाकावा लागला. पुढे नातवाने फोन "साफ" करताना सगळी अ‍ॅप पुसून बंद केली. दिवाळीला नवा फोन घेतला, तर तो पेसमेकरशी पुन्हा नव्याने जोडावा लागला, आणि त्यासाठी आधी कंपनीच्या यादीत तो फोन चालतो का हे पाहावे लागले. आता घरात नियम आहे की तो फोन रात्री उशाजवळच्या स्टुलावर, चार्जरला लावलेला, ब्लूटूथ आणि इंटरनेट चालू ठेवून असतो, आणि त्याला काकूंखेरीज कोणी हात लावत नाही.

परिचारिका_परळ

श्रुती, फोन उशाजवळच्या स्टुलावर ठेवतेस हे ठीक आहे, छातीवर किंवा उशीखाली डाव्या खांद्याशी नको. पेसमेकर आणि मोबाईल यांच्यात निदान १५ सेंटिमीटर, म्हणजे एक वीतभर अंतर असावे. हे मी रोज वॉर्डात सांगते, कारण आपल्याकडच्या कितीतरी आजी फोन ब्लाउजमध्ये डाव्या बाजूला खोचतात आणि आजोबा तो शर्टाच्या डाव्या खिशात ठेवतात, आणि पेसमेकरही बहुधा तिथेच असतो. काही नव्या फोनमध्ये चार्जिंगसाठी चुंबक असतात, त्यांच्याबाबत अंतर आणखी जपावे. इंडक्शनच्या शेगडीपासून साधारण ६० सेंटिमीटर लांब उभे राहावे, किंवा गॅसवरच स्वयंपाक करावा. शरीरातली चरबी मोजणारे वजनकाटे विजेचा सूक्ष्म प्रवाह पायातून सोडतात, ते या रुग्णांनी वापरू नयेत. साधा काटा चालतो.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. घरचा मॉनिटर ही तातडीची सेवा नाही. आईंना पुन्हा चक्कर आली, शुद्ध हरपली, छातीत दुखले किंवा धाप लागली, तर रीडर छातीला लावून रिपोर्टची वाट पाहत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात न्या. जखम लाल झाली, सुजली, त्यातून पाणी आले, ताप आला किंवा उचकी थांबेचना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. न थांबणाऱ्या उचकीचे कारण कधी कधी सरकलेली लीड असते, आणि घरचे लोक ओवा देत बसतात.

शुभांगी_गिरगाव

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, मन भरून आले. काल आणि आज काय केले ते सांगते.

यंत्रावर रेंजच्या दांड्या आहेत, आणि आतल्या खोलीत एकही पेटत नव्हती. निनाद यांचा अंदाज खरा ठरला. ते उचलून मी बाहेरच्या खोलीत गॅलरीच्या खिडकीशी आणले, तेव्हा चार दांड्या आल्या. मग प्रश्न अंतराचा आला, कारण आईचा पलंग आत. भावाला बोलावून आम्ही सोफा आत नेला आणि पलंग बाहेर खिडकीखाली आणला. आई आधी नाराज होती, पण आता तिला पडल्यापडल्या रस्ता दिसतो, सकाळचा दूधवाला दिसतो, म्हणून तिला ती जागा आवडू लागली आहे. खिडकीतून पावसाचे शिंतोडे येतात, म्हणून यंत्र भिंतीतल्या फडताळात ठेवले आहे. तिथून तिच्या उशीपर्यंत मी टेपने मोजले, सव्वा मीटर भरले.

क्लिनिकला फोन करून मनीषाताईंनी सांगितलेले सगळे प्रश्न विचारले. रिपोर्ट पाहणाऱ्या बाईंचे नाव आणि थेट क्रमांक मिळाला. त्यांच्या सांगण्यावरून रीडर आईच्या छातीवर धरून हाताने एक रिपोर्ट पाठवला, आणि फोन चालू असतानाच त्या म्हणाल्या, "आला." आईने डोळे मिटून हात जोडले.

मात्र त्या रात्री आपोआप जायला हवा होता तो संदेश गेला नाही, असे त्यांनी सकाळी सांगितले. रेंज आहे, अंतर ठीक आहे. आता काय राहिले?

निवृत्त_तंत्रज्ञ

हाताने पाठवलेला रिपोर्ट पोहोचला, म्हणजे यंत्र, नेटवर्क आणि क्लिनिकमधली नोंदणी तिन्ही गोष्टी ठीक आहेत. आता रात्री काय घडते ते पाहावे लागेल. एक साधा प्रश्न विचारतो. रात्री बारानंतर यंत्राचा दिवा चालू असतो का? आपण स्वतः पाहिला आहे का?

शुभांगी_गिरगाव

काका, आपला प्रश्न वाचून मी काल रात्री साडेबारा वाजता उठून पाहिले. दिवा बंद होता. भिंतीवरचे बटणच बंद होते.

आईची आयुष्यभराची सवय आहे. निजण्यापूर्वी ती घरातली सगळी बटणे एकेक करून बंद करते. गॅसची कळ, टीव्ही, मिक्सर, इस्त्री, आणि शेवटी पलंगाशेजारचे बटण. मी लहान असताना आमच्या शेजारच्या चाळीत रात्री तार जळून आग लागली होती, तेव्हापासून तिने एकही रात्र हे चुकवलेले नाही. सकाळी पाचला उठून ती देवापुढे दिवा लावते आणि मग यंत्राचेही बटण लावते, म्हणून मला दिवसा ते नेहमी चालू दिसत होते. आतल्या खोलीत असतानाही हेच चालले असणार. म्हणजे रेंज असती, तरी रिपोर्ट गेलाच नसता.

मी तिला रागावले नाही. तिने आम्हा सगळ्यांना सांभाळण्यासाठीच ती बटणे बंद केली आहेत. आज सकाळी तिच्याजवळ बसून, लालबागच्या वहिनींनी सांगितले तसे तिचे बोट तिच्या नाडीवर ठेवले आणि सगळे समजावले. रात्रपाळीवाल्याची गोष्टही सांगितली. ती म्हणाली, "मग त्याला कामाच्या वेळेलाच मी घरी पाठवत होते." मग तिने स्वतःच पुठ्ठ्याचा तुकडा कापला, त्यावर तिच्या वळणदार अक्षरात "हे बटण रात्री चालू" असे लिहिले आणि चिकटपट्टीने बटणावर लावले.

मनीषा_मुलुंड

शुभांगी, ही चिठ्ठी तिनेच लिहिली हे फार बरे झाले. आपण लिहिली असती, तर ती आपली झाली असती. घरकामाला येणाऱ्या मावशींनाही सांगून ठेव, केर काढताना प्लग निघतो.

देवगडची_मंदा

गणपतीचा प्रश्न मागे राहिला, म्हणून लिहिते. माझे वडील पेसमेकरवाले आहेत आणि दरवर्षी मुंबईहून गावी येतात. चार-पाच दिवसांसाठी आम्ही यंत्र आणत नाही. पेसमेकर नोंदी स्वतःजवळ साठवून ठेवतो आणि परत टप्प्यात आला की यंत्र त्या वाचते. महिनाभर राहायचे असेल, तर बरोबर आणतो, पण आमच्या वाडीत त्या सिमचे नेटवर्क मिळते का, हे आधी पाहावे लागले. कसेही असले तरी जाण्यापूर्वी क्लिनिकला तारखा कळवाव्यात, म्हणजे संपर्क नाही म्हणून ते घाबरणार नाहीत. पेसमेकरचे ओळखपत्र मात्र आईंच्या पाकिटात असलेच पाहिजे. त्यावर मॉडेल, क्रमांक आणि बसवल्याची तारीख असते. अडीअडचणीला कणकवलीच्या डॉक्टरांना तेच उपयोगी पडेल.

निनाद_बोरिवली

ओळखपत्राचा उपयोग मुंबईतही होतो. मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून नेहमीच्या चालीने जायला हरकत नसते, तिथे थांबू मात्र नये, आणि हातातले यंत्र छातीवर धरू नका असे कार्ड दाखवून सांगावे. आम्ही सिद्धिविनायकाला जातो, तेव्हा बाबा कार्ड हातातच ठेवतात. लोकलचे हँडल मात्र सुरुवातीचे दीड महिना डाव्या हाताने धरू नये, हात खांद्याच्या वर जाता कामा नये, असे आम्हाला सांगितले होते.

परिचारिका_परळ

बरोबर आहे, पण म्हणून हात अगदी बांधूनही ठेवू नये, खांदा आखडतो. खांद्याखाली हलका वापर चालू ठेवावा. किती आठवडे, ते ज्यांनी बसवला त्या डॉक्टरांनाच विचारावे.

सदानंद_दादर

शुभांगी, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. मी काल माझ्या क्लिनिकला फोन केला होता. माझ्या पेसमेकरला घरच्या मॉनिटरची सोय आहे, पण यंत्राचे पैसे वेगळे पडतील असे म्हणाले. पुढच्या भेटीत विचारून ठरवतो. घेतले, तर रिपोर्ट कोण पाहणार हे आधी विचारीन.

शुभांगी_गिरगाव

सर्वांना कळवते. आज सकाळी अकरा वाजता क्लिनिकमधून त्या बाईंचा स्वतःहून फोन आला. काल मध्यरात्रीनंतर आईच्या पेसमेकरचा पहिला आपोआप गेलेला रिपोर्ट त्यांना मिळाला. दोन्ही लीड व्यवस्थित आहेत, बॅटरी उत्तम आहे, आणि अनियमित लय एकदाही आढळली नाही. प्रत्यक्ष तपासणीची पुढची तारीख त्यांनी दिली, ती मी कालनिर्णयवर लिहून ठेवली आहे.

मी आईला सांगितले तेव्हा ती भाजी निवडत होती. तिने मान वर करून फडताळाकडे पाहिले आणि विचारले, "आज रात्री पुन्हा जाईल ना?" मी हो म्हणाले.